अण्णा पाचव्यांदा लोकसभेला उभं राहायचं म्हणतायत, घरच्यांनी काय करावं?

रानपाखरू :
नमस्कार मंडळी. हे लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं, शेवटी आज लिहितेच. थोडं मोठं होईल.

अण्णा म्हणजे माझे सख्खे काका. आमचं तालुक्याचं गाव मराठवाड्यातलं, नाव सांगत नाही. अण्णा दोन वेळा नगरसेवक होते आणि एकदा उपनगराध्यक्ष. गावात त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि आजही कुणाचा रेशनकार्डाचा घोळ असो की दवाखान्यात न्यायचं असो, लोक आधी आमच्या ओट्यावर येतात. नगरपालिकेत ते कधी हरले नाहीत. आणि लोकसभेला २००९, २०१४, २०१९, २०२४ असे चार वेळा अपक्ष उभे राहिले आणि चारही वेळा डिपॉझिट गेलं. पहिल्यांदा अडीच हजाराच्या आसपास मतं, मग अठराशे, मग चार हजार आणि गेल्या वेळी सहा हजाराच्या थोडी वर. २०१४ आणि २०१९ ला तर नोटाला (वरीलपैकी कुणी नाही) त्यांच्यापेक्षा जास्त मतं होती, त्या दोन्ही वेळा ते चार-चार दिवस घरात कुणाशी बोलले नव्हते ते मला आठवतंय.

उभं राहायचं कारण एकच, रेल्वे. आमच्या तालुक्यातून जाणाऱ्या लाइनचा सर्व्हे होतो, बातमी येते, पेढे वाटले जातात आणि पुढच्या निवडणुकीला परत सर्व्हे. अण्णांचं म्हणणं असं की गटार नि पथदिवा नगरपालिकेत मागता येतो पण रेल्वे दिल्लीतच मागावी लागते, मग आपण दिल्लीचाच फॉर्म भरायचा.

आता ते अडुसष्ट वर्षांचे आहेत, शुगर आहे, आणि २०२९ ची तयारी सुरू केलीय. काकूचं म्हणणं आहे की बास. ती म्हणते, मला पैशाचं काही नाही गं, मला उन्हाचं भ्या वाटतं. लोकसभा म्हणजे एप्रिल-मे. २०२४ ला ते एका वाडीवर भोवळ येऊन पडले होते, दोन दिवस सलाइन, आणि तिसऱ्या दिवशी परत गाडीत. मुलगा म्हणतो गावात लोक हसतात. मी चारही वेळा त्यांचं हिशेबाचं रजिस्टर लिहिलंय त्यामुळे सगळे मला म्हणतात की तूच समजावून सांग, तुझं ऐकतील. पण मला स्वतःलाच कळत नाहीये की त्यांना थांबवणं बरोबर आहे का. तुमच्यापैकी कुणी हे जवळून बघितलं असेल तर मनापासून सांगा.

कोरडवाहू :
ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. थांबवा त्यांना. नगरसेवकाचा वॉर्ड म्हणजे दोन-तीन हजार मतदार, निम्मे नावानिशी ओळखीचे. लोकसभा म्हणजे सहा विधानसभा. राज्यात ४८ जागा आणि मतदार नऊ कोटींच्या वर, म्हणजे एका जागेला साधारण एकोणीस लाख. अण्णा रोज शंभर घरं फिरले तरी अर्धा तालुका सुद्धा होणार नाही. आणि डिपॉझिट वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात, बारा लाख मतदान झालं तर दोन लाखाच्या वर. सहा हजार आणि दोन लाख, हे अंतर कष्टाने भरून निघणारं नाही. चांगला माणूस चुकीच्या मैदानात झिजतोय असं मला वाटतं.

शाईचं बोट :
मी निवृत्त शिक्षक, सात-आठ निवडणुकांना केंद्राध्यक्ष म्हणून ड्युटी केलीय म्हणून आतलं थोडं सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की अपक्षाला लोक विचारत नाहीत, पण नियमच असे आहेत की त्याचा रस्ता जास्त लांब होतो.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला सूचक (अर्जावर नाव सुचवून सही करणारा मतदार) एक पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाच्या दहा त्याच मतदारसंघातले. मतदारयादी पक्षवाल्याला सरकार फुकट देतं, अपक्षाने पैसे भरून घ्यायची. चिन्हासाठी अर्जातच तीन पसंती लिहायच्या, तेच दुसऱ्याने मागितलं तर चिठ्ठी. चिन्ह हातात पडतं माघारीची मुदत संपल्यावर, आणि माघार ते मतदान यात कायद्याने कमीत कमी चौदा दिवस. पूर्वी वीस होते, १९९६ ला कमी केले. तर एकोणीस लाख लोकांना दोन आठवड्यांत सांगायचं की माझं चिन्ह हे आहे, आणि पुढच्या वेळी ते चिन्ह बदललेलं.

मग मशीन. आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नुसते नोंदणीकृत, शेवटी अपक्ष, त्यात परत अक्षरानुक्रम. एका मशीनवर सोळाच बटणं, त्यातलं एक नोटाचं, म्हणजे उमेदवार पंधराच्या वर गेले की दुसरं मशीन लावावं लागतं. मी स्वतः बघितलंय, म्हातारी माणसं पहिल्या मशीनपाशीच थांबतात, दुसऱ्याकडे बघतच नाहीत. अण्णांचं नाव बहुतेक दुसऱ्या मशीनवर असणार.

आणि केंद्रं दोन हजाराच्या आसपास. पक्षाचा माणूस प्रत्येक केंद्रावर बसलेला असतो, संध्याकाळी मतांच्या हिशेबाचा १७-सी फॉर्म सही करून घेतो. अपक्षाची खुर्ची रिकामी. माझ्या सगळ्या ड्युट्यांमध्ये अपक्षाचा प्रतिनिधी फक्त दोनदा आला होता, त्यातला एक मुलगा जेवणाचा डबा सुद्धा न आणता दिवसभर बसून होता, त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही.

रानपाखरू :
@शाईचं बोट सर, हो, २०१४ आणि २०१९ ला दुसऱ्या मशीनवरच होते. आणि केंद्रावर आमची माणसं चाळीसच्या वर कधी गेली नाहीत, तीही भाचे, पुतणे, दुकानातली पोरं.

मतमोजणीला तर फारच वाईट वाटायचं. सहा विधानसभांची मोजणी सहा ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी टेबलं लावलेली, आणि आम्ही तिघं. अण्णा एका टेबलापाशी वही घेऊन उभे असायचे आणि प्रत्येक फेरीला आपल्या नावापुढचा आकडा स्वतःच्या हाताने लिहायचे. तीन, शून्य, एक, सात. अर्धे लोक दुपारीच निघून जायचे, हे शेवटच्या फेरीपर्यंत थांबायचे.

तिसरा बाक :
ह्या निमित्ताने जुनी गोष्ट आठवली. बरेलीचे काका जोगिंदर सिंह, धरतीपकड नावाने सगळे ओळखायचे, कापडाचे व्यापारी. तीनशेच्या वर निवडणुका लढले, १९९२ ला राष्ट्रपतिपदाला सुद्धा, तिथं ११३५ मतं पडली. तामिळनाडूत मेट्टूरचे के. पद्मराजन आहेत, टायर दुरुस्तीचं दुकान, १९८८ पासून उभे राहतायत आणि दोनशेच्या वर निवडणुका हरलेत. त्यांची सगळ्यात जास्त मतं २०११ च्या विधानसभेला, सहा हजार दोनशे त्र्याहत्तर. ते सांगतात की मला हरायचंच आहे, सामान्य माणूस फॉर्म भरू शकतो एवढं दाखवायचंय.

पण रानपाखरू, तुझ्या लिहिण्यावरून अण्णा ह्या जातीचे वाटत नाहीत. त्यांना आकड्याचा विक्रम नकोय, त्यांना काम हवंय. त्यामुळे त्यांना हरल्यावर लागतं, आणि म्हणून तुम्हाला घरच्यांना जास्त त्रास होतो.

हिशेबी :
पैशाची बाजू सांगतो. डिपॉझिट एकेकाळी फक्त ५०० रुपये होतं. १९९६ ला देशात लोकसभेला १३,९५२ उमेदवार झाले, मग ते १०,००० केलं आणि १९९८ ला उमेदवार पाच हजाराच्या आत आले. अण्णांनी २००९ ला १०,००० च भरले असतील, त्यानंतर २५,००० झालं, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला त्याच्या निम्मं. म्हणजे चार वेळचे ८५,००० सरकारजमा. खरा खर्च ह्याच्या कितीतरी वर असणार, गाडी, डिझेल, पत्रकं. मोठ्या राज्यात उमेदवाराची खर्चमर्यादा ९५ लाख आहे, आणि समोरचा त्या मर्यादेच्या हिशेबाने चालतो.

एक गोष्ट मात्र विचारायची आहे. हिशेब वेळेत देता ना? निकालानंतर ३० दिवसांत दिला नाही तर तीन वर्षं अपात्र ठरवतात. कित्येक अपक्ष हरल्यावर तिकडे फिरकतच नाहीत आणि पुढच्या वेळी फॉर्म भरायला गेल्यावर कळतं.

रानपाखरू :
@हिशेबी, चारही वेळा वेळेत दिलाय. वेगळं बँक खातं, रोजचं रजिस्टर, प्रचारात तीन वेळा तपासणी. चहाचा, खुर्चीचा, मंडपाचा दर जिल्ह्याने ठरवून दिलेला असतो, आम्ही घरून थर्मासमधून चहा नेला तरी तो त्या दराने लिहायचा. अण्णा म्हणायचे लिही, एक कप सुद्धा सोडू नको. २०२४ ला तपासणीला गेले तेव्हा तिथल्या माणसाने पानं उलटून बघितली आणि म्हणाला बाई, हे सगळं खरं लिहिलंय का? मी हो म्हणलं.

दुसरं सांगते, एका वेळी (कुठल्या ते लिहीत नाही) माघारीच्या आदल्या रात्री दोन माणसं घरी आली होती. तुमचं डिपॉझिट, आत्तापर्यंतचा खर्च, सगळं देतो, उभे राहा पण तुमच्या नावाच्या गाड्यांच्या परवानग्या आणि मोजणीचे पास आमच्या माणसांना द्या. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. अण्णांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि सांगितलं की उमेदवारी माझी आहे, ती मी भाड्याने देणार नाही. मुलगा म्हणतो ना की लोक हसतात, त्याला ही गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.

कोरडवाहू :
हे वाचून थोडा गप्प झालो. पण माझा मुद्दा अजून तोच आहे आणि आता आणखी एक जोडतो. अपक्षाला पडलेली सहा हजार मतं सगळी त्याचीच असतात का? २०२४ ला साताऱ्यात पिपाणी चिन्हावरच्या अपक्षाला ३७ हजार मतं पडली आणि तुतारीवाला उमेदवार ३२ हजारांनी पडला. दिंडोरीत नाव आणि चिन्ह दोन्हीच्या साधर्म्याने एका अपक्षाला एक लाखाच्या वर मतं गेली. रायगडला २०१४ मध्ये सुनील तटकरे २११० मतांनी हरले आणि त्याच नावाच्या अपक्षाला ९८४९. तर चुकून दाबलेली बटणं खूप असतात. अण्णांनी त्या सहा हजारावर पुढची पाच वर्षं बांधू नयेत एवढंच म्हणतोय.

रानपाखरू :
@कोरडवाहू दादा, हीच शंका मलाही होती म्हणून एक गोष्ट केली होती, ती सांगते.

निकालानंतर फॉर्म २० मिळतो, त्यात प्रत्येक केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मतं ते असतं. त्यात नुसते केंद्राचे नंबर असतात, गावाचं नाव कळायला मतदान केंद्रांची यादी शेजारी घेऊन बसावं लागतं. अण्णा आणि मी प्रत्येक वेळी पावसाळ्यात हे करतो. दुकानात गर्दी नसते तेव्हा पट्टी आणि पेन्सिल घेऊन. केंद्रांचे नंबर दर वेळी बदलतात पण गाव तेच.

निम्मी मतं आमच्या तालुक्यातली, ती अपेक्षितच. बरीचशी कुठं एक, कुठं दोन अशी विखुरलेली, ती चुकूनही पडली असतील, मान्य. पण एक गाव आहे, मतदारसंघाच्या पार दुसऱ्या टोकाला, आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या वर. तिथं आमचं पाहुणं नाही, अण्णा कधी गेले नाहीत, पत्रक पोचलेलं नाही. तिथं २००९ ला ११ मतं, २०१४ ला ९, २०१९ ला २६, २०२४ ला ४१. चिन्ह चारही वेळा वेगळं, मशीनवरची जागा वेगळी. चार वेळा चूक होईल का? कुणीतरी तिथं नाव शोधून बटण दाबतंय. त्या गावाखाली अण्णांनी वहीत दुहेरी रेघ मारलीय.

सांजवात :
रानपाखरू, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. त्या गावाला जाऊन या ना!

वेशीबाहेर :
मला इथं एक वेगळा मुद्दा मांडायचाय. डिपॉझिट जाणं आणि मागणी वाया जाणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९९६ ला आताच्या तेलंगणातल्या नलगोंड्यात ४८० उमेदवार उभे होते. पाण्यात फ्लोराइड, हाडं वाकलेली माणसं, कुणी ऐकेना म्हणून लोकांनी फॉर्म भरले, मतपत्रिकेची वही करावी लागली आणि निवडणूक पुढे गेली. त्याच वर्षी बेळगावात ४५६ उमेदवार, आपल्या सीमाभागातल्या मराठी माणसांचा तो निषेध होता. २०१९ ला निजामाबादला हळदीच्या भावासाठी शेतकऱ्यांनी अर्ज भरले, एकूण १८५ उमेदवार, एका केंद्रावर बारा-बारा मशीनं जोडली. उभे राहिलेले शेतकरी सगळे हरले. पण तेलंगणाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या कन्या तिथं पडल्या, हळद बोर्डाची मागणी देशभर गेली आणि जानेवारी २०२५ ला राष्ट्रीय हळद बोर्ड सुरू झालं, तेही निजामाबादलाच.

फरक एवढाच की ते शेकड्यांनी होते. अण्णा एकटे आहेत. एकट्या माणसाच्या उमेदवारीला प्रशासन कागदावर एक ओळ देतं आणि मोकळं होतं.

हिशेबी :
@वेशीबाहेर सहमत. आणि एकट्याने निवडून यायचं म्हणलं तर वरचं कवचच वेगळं लागतं. २०२४ ला देशात ३९०० च्या वर अपक्ष होते, निवडून आले सात. आपल्या राज्यातून एकच, सांगलीचे विशाल पाटील, आणि त्यांच्यामागे वसंतदादांचं घराणं आणि आख्खं संघटन. बाकीच्यांपैकी जवळजवळ सगळ्यांची डिपॉझिट गेली.

तिसरा बाक :
पण छोट्या जागेवरून वर गेलेला माणूस नाहीच असं नाही. राजू शेट्टी २००२ ला जिल्हा परिषदेत, २००४ ला आमदार, २००९ ला हातकणंगल्यातून खासदार. एक नोट एक व्होट म्हणत शेतकऱ्यांनीच वर्गणी काढली. मात्र त्याच्या आधी कित्येक वर्षं ऊसदराची आंदोलनं होती, गावागावात बिल्ला लावणारी पोरं होती. आणि तेही २०१९ आणि २०२४ ला हरलेच. म्हणजे आंदोलन पाठीशी असूनही लोकसभा अवघड, नसेल तर काय.

आणि हरण्याची लाज वाटायचं कारण नाही हेही त्या मुलाला सांगा. १९५२ ला मुंबईत आणि १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत खुद्द बाबासाहेब हरले होते.

शाईचं बोट :
रेल्वेबद्दल दोन ओळी. नगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर, मंजुरी १९९५ ची. बीडला पहिली गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनाला. तीस वर्षं. त्या तीस वर्षांत किती खासदार झाले, किती मोर्चे, किती निवेदनं, रेल्वे कृती समितीत बसणारी किती माणसं गाडी न बघताच गेली. त्यात निवडून आलेलेही होते आणि कधीच निवडणूक न लढवलेले वकील, मास्तर, व्यापारी पण होते. पाठपुरावा नावाचं काम असतं, त्याला डिपॉझिट लागत नाही.

अण्णांकडे सर्व्हेचे कागद असतील तर माहिती अधिकारात पुढचं मागवता येईल, वाहतुकीचा अंदाज किती धरला, परतावा किती दाखवला. मंजुरी बहुतेक वेळा तिथंच अडते, रेल्वेला वाटतं की प्रवासी आणि माल पुरेसा नाही. मोंढ्यातून (शेतमालाच्या बाजारातून) वर्षाला किती सोयाबीन, किती कापूस ट्रकने बाहेर जातो हा आकडा अण्णांसारखा दुकानदार माणूस जितका बरोबर काढेल तितका कुठला कन्सल्टंट काढणार नाही. हे काम उन्हात नाही, दुकानात बसून होतं.

कोरडवाहू :
@शाईचं बोट हे पटलं. आणि ताई, डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, इतकी वर्षं प्रशासक होता, तिथं अण्णा का उभे राहिले नाहीत? नगराध्यक्ष थेट जनतेतून आहे, ते सहज आले असते की.

रानपाखरू :
दादा, हाच प्रश्न गावाने पण विचारला. दोन्हीकडून तिकिटाचा निरोप होता. अण्णा म्हणाले, ती जागा आता तरुण पोरांची, माझे पथदिवे लावून झालेत. आमच्या वॉर्डातून ह्या वेळी निवडून आलेली मुलगी अण्णांच्याच दुकानात हिशेब शिकलेली आहे.

सांजवात :
मी काकूंच्या बाजूने बोलते, कारण इथं सगळे अण्णांचंच बघतायत. माझे सासरे विधानसभेला तीनदा उभे होते. प्रत्येक वेळी घर महिनाभर रस्त्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्याचा स्वयंपाक, आणि निकालाच्या संध्याकाळी त्याच घरात चूल पेटवायची कुणाची इच्छा नसायची. आम्हाला बायकांना कधी कुणी विचारलंच नाही की उभं राहू का. रानपाखरू, माझी एकच विनंती, अण्णांना म्हणा की सूचक दहा लागतात ना, त्यातली पहिली सही काकूंची घ्या. त्या मनापासून करणार असतील तर उभे राहा. नसतील तर नका राहू.

वेशीबाहेर :
सांजवात यांचं एकदम बरोबर. आणि २०२९ पर्यंत जनगणना, मतदारसंघांची फेररचना, महिला आरक्षण, काय काय होईल कुणास ठाऊक, जागा महिलांसाठी राखीव सुद्धा होऊ शकते. त्यामुळे आत्ताच हो-नाही करून घरात भांडण कशाला.

रानपाखरू :
सगळ्यांचे मनापासून आभार. परवा रविवारी अण्णांपाशी बसले आणि हा धागा मोबाइलवर वाचून दाखवला, पूर्ण. राग येईल असं वाटलं होतं पण शांतपणे ऐकलं. कोरडवाहू दादांचं लिहिलेलं दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, माणूस खरं बोलतोय. माघारीच्या रात्रीचा भाग आला तेव्हा मुलगा दारात उभा होता, त्याने पहिल्यांदाच ऐकलं, काही बोलला नाही पण आत येऊन बसला.

शाईचं बोट सरांचं मालाच्या आकड्यांचं त्यांना फार लागलं. लगेच मोंढ्यातल्या दोन आडत्यांना फोन केला, मागच्या पाच वर्षांच्या आवकेचे आकडे द्या म्हणून. माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहितेय, मसुदा झाला की इथं टाकते, सर, तुम्ही बघाल का?

सहीचं मी काकूसमोरच सांगितलं. अण्णा तिच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले चार वेळा हिला विचारलं नाही हे खरं आहे. काकू म्हणाली सहीचं तेव्हा बघू, आधी त्या गावाला जाऊन या, सारखं वहीत बघत बसता, आणि उन्हं वाढायच्या आत जा.

तर शनिवारी पहाटे निघतोय, अण्णा, मी, आणि गाडी चालवायला त्यांचा मुलगा. वही सोबत घेतलीय. तिथं कुणाला विचारायचं तेही माहीत नाही, बहुतेक पारावर जाऊन बसू. आल्यावर लिहिते.